आखणीवाल्या काकींचे दात

"तुझा डावा डोळा बारीक हाय गो."

पहिल्याच भेटीत कुणी असं तोंडावर सांगितलं तर तुम्हाला काय वाटेल? मला तर राग आला. सकाळची वेळ, एसटी वडखळला अडकलेली, रामवाडीच्या दवाखान्यात पोचते तर बाकावर चार पेशंट आधीच येऊन बसलेले. आणि त्यातलीच ही एक बाई, पदराने तोंड झाकून माझ्याकडे टक लावून बघते काय, आणि माझ्या डोळ्यांची मापं काढते काय! मी म्हटलं, "काकी, इथे दात बघतात. डोळ्यांचा दवाखाना पुढे आहे."

पदराआडून हसण्याचा आवाज आला. "रागावतेस कशाला? सगळ्यांचाच असतो. एक मोठा, एक बारीक. देवाचे तेवढे सारखे करायला लागतात."

आत खुर्चीवर बसल्यावर त्यांनी डॉक्टरांनाही ऐकवलं, "तुमचा उजवा." नंतर हात धुताना ते आरशात जरा जास्तच वेळ बघत होते, हे मी पाहिलं.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. राहते रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत. रोज येऊन-जाऊन करते. डॉक्टर काम करत असताना पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, हत्यारं स्वच्छ करायची, "आ करा, नाकानं श्वास घ्या" म्हणत राहायचं, आणि शेवटी घरी काय करायचं, काय नाही याचा छापील कागद वाचून दाखवायचा, हे माझं काम. त्या कागदापायीच पुढचं सगळं रामायण झालं.

काकी हमरापूरच्या. तिकडे गणपतीच्या मूर्ती घडवणारे, रंगवणारे हात घरोघरी. पण डोळे काढायचे म्हटलं की कारखान्यात एका-दोघांनाच पुढे करतात. डोळे काढण्याला आखणी म्हणतात. काकी तीस वर्षं आखणीच करत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी हातात ब्रश दिला, तो सासरे गेले, नवरा गेला, तरी सुटला नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. उजव्या हातात काळ्या रंगाचा बारीक ब्रश. डाव्या हाताने मूर्तीचं डोकं मागून धरलेलं. आणि दातांत आडवा धरलेला दुसरा ब्रश, कोरा, पाण्यात बुडवून झटकलेला. काळी रेघ जरा पसरली की वाळायच्या आत तोंडातला ब्रश काढायचा आणि टिपून घ्यायची. "पण ते निमित्त," काकी म्हणाल्या. "खरं म्हणजे दात आवळले की श्वास थांबतो, श्वास थांबला की हात थांबतो. तेवढ्यात डोळा काढून घ्यायचा."

तर हे दातच गेले. हिरड्या खराब झाल्या, वरचे पुढचे चार दात हलायला लागले, कुठेतरी जाऊन त्यांनी ते काढून घेतले आणि काढ-घाल करायची कवळी बसवली. कवळीने त्यांना जेवता येत होतं, बोलता येत होतं, पण ब्रश धरता येत नव्हता. दात आवळले की कवळी सुटायची. एकदा पाच फुटी मूर्तीचा डोळा काढताना ती सटकली, काकी दचकल्या, आणि गणपतीच्या डोळ्यापासून सोंडेपर्यंत काळी रेघ गेली. अख्खा चेहरा पुन्हा रंगवावा लागला. कारखान्याच्या शेठने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी काकींच्या पुढ्यात उंदीर आणून ठेवले आणि म्हणाला, "काकी, आता तुम्ही हे रंगवा."

"उंदीर!" हे सांगताना त्यांच्या तोंडावरचा पदर खाली आला. "तीस वर्षं देवाचे डोळे केले गो मी. शेजारचा पोरगा माझ्यासमोर डोळे वाकडे काढतो आणि मी शेपटी रंगवत बसते. जीव जातो माझा."

त्यांना घट्ट बसणारे दात हवे होते. "स्क्रूचे असतात ना, ते द्या."

डॉक्टरांनी समजावलं. वरच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे. हाड हळूहळू त्यांना धरतं. चार-पाच महिन्यांनी त्यावर चार दातांचा जोड बसवायचा. मग तो आपल्या दातांसारखाच.

"हाडानं नाय धरलं तर?"

"धरेल."

"आणि नाय धरलं तर?"

डॉक्टरांनी एक्स-रेच्या फोटोतून मान वर केली. हाड आधीच कमी होतं. एक संधी चांगली होती, दुसरी मिळाली तर नशीब, तिसरी नव्हती. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी करायचं?"

त्यांचा मुलगा धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो आणि आमच्या अष्टमीतच, माझ्या मागच्या गल्लीत राहतो. तो मला रस्त्यात गाठून म्हणाला, "ताई, आईला सांगा ना, ह्या वयात कशाला हाडात भोकं पाडून घेते? माझ्याकडे ये म्हणतोय मी. बसून खा." मी काय सांगणार? त्या बाईला बसून खायचं नव्हतं.

चैत्रात स्क्रू बसवले. काकींनी माझं मनगट धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर माझ्या मनगटावर पाचही बोटं उमटलेली. हिरडीतून दोन चकचकीत टोप्या तेवढ्या वर दिसत होत्या, त्याखाली स्क्रू. बाहेर जाताना घालायला वरून एक हलकी कवळी करून दिली होती.

मग मी कागद वाचला. समोर काही चावायचं नाही. कडक खायचं नाही. भाकरी नाही, सुकट नाही, शेंगदाणे, पेरू, ऊस नाही. भात, पेज, आमटी चालेल. मिश्री बंद.

आणि काय सांगू तुम्हाला, त्या बाईने तो कागद देव्हाऱ्यात ठेवावा तसा पाळला! तीस वर्षांची मिश्री एका दिवसात सोडली. दवाखान्यात फोन यायचे. "गो, पापड आमटीत भिजवून चालंल?" "चालेल काकी." "गो, चिंच चोखली. चोखणं चावण्यात येतं का?" "नाही काकी." "गो, जांभई मोठी आली, काय झालं नसंल ना?" एकदा मी वैतागून म्हटलं, "काकी, जांभई दिली म्हणून स्क्रू पडत नाही!" तर पलीकडून शांतपणे, "बरं. मग आता देते." मुलगा हमरापूरला जाऊन आला की सांगायचा, आई घरात रागावतसुद्धा नाही, जोरात बोलल्याने स्क्रू हलेल म्हणून. मी डॉक्टरांना म्हटलं, असे पेशंट मिळाले तर आपण घरी झोपा काढू.

आषाढात एका सकाळी त्या न सांगता आल्या. तारीख अजून लांब होती. पदर पुन्हा तोंडावर. कुणाच्या डोळ्यांबद्दल एक शब्द नाही.

"उजवीकडचा दुखतो," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांकडे तपासायची एक साधी रीत आहे. हत्याराच्या दांड्याने टोपीवर हळूच ठोकून बघतात. हाडाने धरलेला स्क्रू असेल तर टिण्ण असा स्वच्छ आवाज येतो. डावीकडच्याचा आला. उजवीकडचा ठप्प वाजला. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा ठप्प. काकींचे डोळे डॉक्टरांच्या तोंडावर खिळलेले. रेघ पसरली की नाही हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे, तसं हेही सांगावं लागलं नाही.

"काय चावलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय."

"काकी, खरं सांगा. भाकरी खाल्लीत?"

"शपथ. पेजेवर हाय मी."

"मिश्री लावलीत?"

"नाय हो." त्यांचा आवाज रडवेला झाला. "मी काय खाल्लं नाय. कागदावरचं सगळं केलं. तिला विचारा."

डॉक्टर चिडले. ते चिडले की आवाज खाली जातो. तिसऱ्यांदा तोच प्रश्न. मी नळी धरून वाकले होते, आणि तेव्हा मला दिसलं. उजव्या टोपीच्या कडेला काळ्या रंगाने माखलेला एक बारीक केस अडकला होता. ओठाच्या कोपऱ्यात त्याच रंगाचा एक ठिपका. अन्नाचा रंग असा नसतो.

"काकी," मी म्हटलं, "ब्रश?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटेपणाचा मागमूस नाही. "ब्रश काय खायची वस्तू हाय?"

डॉक्टर स्टुलावर बसले.

झालं होतं ते असं. ज्येष्ठात शेठचा आखणीवाला दुसऱ्या कारखान्यात गेला. शेठ घायकुतीला आला, म्हणाला, काकी, छोट्या मूर्तींवर हात बसतो का बघा. काकींनी वरची कवळी काढून ठेवली, सवयीने ब्रश तोंडात घेतला, आणि तो खालचे दात आणि वरच्या दोन टोप्या यांच्यामध्ये असा बसला की हलेचना. "पहिल्या दातांतसुद्धा एवढा धरला नव्हता गो," त्या म्हणाल्या. सकाळी बसायच्या ते दिवेलागणीला उठायच्या. तीन आठवडे. आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता त्यांना. आणि हे लपवायचं आहे असं मनातसुद्धा आलं नाही, कारण कागदावर सगळ्या मनाया खाण्याच्या होत्या. आखणी म्हणजे काम. काम कोण चावतं?

"तू सगळं नीट सांगितलं होतंस ना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकी बोलल्या. "तिनं सांगितलेलं. मीच ध्यान दिलं नाय."

आणि मी गप्प बसले. त्यांची आखणीची रीत मला पहिल्या दिवसापासून माहीत होती हो! दात आवळल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तरी मी पेरू आणि ऊस वाचत बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

उजवीकडचा स्क्रू काढावाच लागला. काकींनी हात जोडले, "गणपतीपर्यंत राहू द्या. मग काय ते काढा." डॉक्टर म्हणाले, आत पू झाला तर हाड खाईल, शेजारचाही जाईल. चिमट्याने धरून फिरवला आणि तो सहज बाहेर आला. जोर लागलाच नाही. तो तसा अलगद बाहेर येताना बघणं मला सहन झालं नाही. उरलेला डावीकडचा, त्याच्यावरही आता भरवसा नव्हता. डॉक्टरांनी बजावलं, पुढचे तीन महिने तोंडात काही धरायचं नाही, दात आवळायचे नाहीत, खालचे दात त्या टोपीला लागता कामा नयेत. हा गेला तर विषय संपला. कवळी आणि उंदीर.

उंदीर हा शब्द डॉक्टरांनी नाही वापरला. तो काकींनीच म्हटला.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. "काकी, चूक माझी आहे. मी आता आत जाऊन सांगते."

"गप बस," त्या म्हणाल्या. तोंडात बोळा, शब्द अर्धे. "तू कधी कारखान्यात बसलीस का? तुला काय ठाऊक." आणि रिक्षा गेली. माफ केलं की दोष दिला, मला आजही सांगता येणार नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी फोन आला. काकी एरवी फोनवर ओरडून बोलायच्या, त्या दिवशी कुजबुजत होत्या. शेठकडे मुंबईच्या नऊ मूर्ती अडकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक लागणार. रंगकाम झालेलं, डोळे नाहीत, आखणीला माणूस मिळत नाही. शेठ म्हणाला होता, ट्रक निघायच्या आत डोळे काढलेत तर आखणी कायमची तुमची. नाही जमलं तर मला कायमचा दुसरा माणूस बघायला लागेल.

"मग?"

"मी उंदरांवर करून बघितलं. तोंडात काय नाय घेतलं तरी जबडा आपला आपणच मिटतो. मला कळतसुद्धा नाय. टोपीला दात लागले की कळतं." मग म्हणाल्या, "माझं तोंड माझं ऐकत नाय गो. तुझं ऐकंल. तू येतेस?"

रविवार माझा एकच सुट्टीचा दिवस. मी पहिल्या एसटीने निघाले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. रंगाचा वास, वाळत घातलेले हात, मुकुट. मधोमध पाटांवर नऊ मूर्ती, सगळं अंग रंगवलेलं, दागिने चढवलेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे डाग. मला त्यांच्याकडे बघवेना. ट्रक सकाळीच येऊन दारात उभा होता. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्या ट्रकने त्याची झोप उडवली होती.

काकी मांडी घालून बसल्या. डाव्या हातात पहिल्या मूर्तीचं डोकं. उजव्या हातात ब्रश. ब्रश डोळ्याजवळ गेला आणि मी बघतेय तो गालाचा स्नायू टणकन वर आला.

"आ!" मी ओरडले.

सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. काकींनी दचकून तोंड उघडलं. ब्रश अजून टेकला नव्हता म्हणून वाचलो.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तोंड उघडं राहिलं, पण तोंड उघडं म्हणजे श्वास सुटला, आणि श्वास सुटला तसं ब्रशचं टोक थरथरायला लागलं. काकींनी हात मागे घेतला. कपाळावर घाम. "नाय व्हायचं," त्या म्हणाल्या.

शेठ पुढे आला. त्याने ओला ब्रश उचलला आणि काकींच्या तोंडाजवळ नेला. "काकी, धरा ना आजचा दिवस. एका दिवसानं काय होतंय?"

काकी त्या ब्रशकडे बघत होत्या. खरं सांगते, भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तशा. त्यांचे ओठ हलले. माझं डोकं फिरलं.

"शेठ, तो ब्रश आपल्याच तोंडात धरा!"

मी एवढ्या जोरात बोलले की बाहेरून ट्रकवाला डोकावला. शेठने माझ्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं, आणि देवाशप्पथ, त्याने तो ब्रश स्वतःच्या दातांत आडवा धरला आणि काकींच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला. पाच मिनिटांपूर्वी हसले असते मी. तेव्हा कुणीच हसलं नाही.

मी काकींच्या समोर, मूर्तीच्या बाजूला बसले. खुर्चीवरच्या घाबरलेल्या पेशंटला रोज जे सांगते तेच सांगायला लागले. "तोंड उघडं. नाकानं श्वास घ्या. आता थांबवू नका, हळूहळू सोडा. सोडता सोडता काय करायचं ते करा."

एकदा नुसताच श्वास घेतला, सोडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी सोडता सोडता ब्रश टेकला, आणि वरची पापणी एका दमात कोपऱ्यापर्यंत गेली. काकी मागे सरून बघायला लागल्या. तोंड उघडंच.

"झाली?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि बुबुळाकडे वळल्या.

नऊ मूर्ती, अठरा डोळे. लाळ हनुवटीवरून ओघळायची, मी ओढणीच्या टोकाने टिपायची. जबडा दुखायला लागला की त्या मला डोळ्यांनी खुणवायच्या, मग मी दोन्ही हातांनी तो खालून धरून ठेवायची. कारखान्यातली माणसं आपापली कामं सोडून भोवती उभी राहिली होती. बाहेर ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, कुणीतरी जाऊन त्याला गप्प केलं.

शेवटची मूर्ती सगळ्यांत मोठी. डावा डोळा झाला. उजव्याच्या कोपऱ्यात काळा रंग जरा जास्त उतरला आणि पसरायला लागला. काकींचा डावा हात सवयीने उडाला तो सरळ स्वतःच्या तोंडाकडे. तिथे ब्रश नव्हता. बोटं टोपीवर आपटली. कळ डोक्यात गेली असणार, त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, संपलं, आता दात आवळतील. पण तोंड उघडंच राहिलं. शेठने दातांतला ब्रश काढून त्यांच्या हातात कोंबला, त्यांनी डोळ्यांतल्या पाण्यातूनच रंग टिपला, आणि कोपरा पहिल्यासारखा स्वच्छ झाला.

मग त्यांनी तोंड मिटलं. इतकं सावकाश की ओठाला ओठ लागेपर्यंत मी बघत राहिले. आणि पदरात तोंड घालून त्या रडायला लागल्या. मीही रडले. लाज कसली त्यात?

सोमवारी डॉक्टरांनी दांडा हातात घेतला. मी आधीच सगळं सांगून मोकळी झाले होते, माझी चूकसुद्धा. ते म्हणाले, "त्या काय काम करतात हे मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं." मग त्यांनी टोपीवर ठोकलं. टिण्ण. पुन्हा ठोकलं, खात्रीसाठी. पुन्हा तसंच. काकींनी माझ्या मनगटावरची पकड सोडली.

तेव्हापासून आमच्या कागदावर पहिला प्रश्न आहे, काम काय करता? शिंपी दातांत सुया धरतात, सुतार खिळे धरतात, जाळं विणणारे दोरा दातांनीच तोडतात. ही अक्कल आम्हाला काकींनी दिली.

दिवाळीनंतर दुसरा स्क्रू बसवला. त्यालाही हाडाने धरलं, पण वेळ घेतला. होळी उलटून गेल्यावर दात आले. अगदी एकसारखे चार दात. काकींनी आरसा हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "एक जरा बारीक करा. माणसाचे वाटायला पाहिजेत." डॉक्टरांनी हसत हसत एक घासून दिला.

पुढचे दोन गणपती त्यांनी आखणी केली. डॉक्टरांनी ब्रश धरायची परवानगी दिली होती, पण त्यांनी पुन्हा तोंडात ब्रश घेतला नाही. श्वास सोडत डोळे काढायच्या, म्हणायच्या, ह्यानं रेघ मऊ येते. एका रविवारी मी गेले तेव्हा माझ्यासमोर त्यांनी ऊस सोलला. दातांनी. मला चिडवायलाच.

मागच्या पौषात त्यांना ताप आला. अंगावर काढला. मुलाने अष्टमीला आणलं तोवर उशीर झाला होता. मी त्यांना भेटायला संध्याकाळी जायचं ठरवलं होतं आणि त्या दुपारीच गेल्या.

चौथ्या दिवशी मुलगा दवाखान्यात आला. डोकं भादरलेलं. दवाखाना भरलेला, डॉक्टर आत कामात. त्याने खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि उलगडली. राखेने काळे पडलेले दोन बारीक स्क्रू. आटे शाबूत होते.

"काल सावडायला गेलो तेव्हा सापडले," तो म्हणाला. "काका म्हणतात, लोखंड आहे, फेकून दे, अस्थींत घालायचं नसतं. मामा म्हणतात, डॉक्टरांची वस्तू आहे, परत देऊन ये. दुपारी अस्थी सोडायच्या आहेत. मला काय कळत नाय ताई. ह्याचं करायचं काय?"

मी दोन्ही तळहातावर घेतले. कुठला चैत्रातला आणि कुठला दिवाळीनंतरचा, ओळखू येत नव्हतं. दोघांच्याही आट्यांत काहीतरी पांढरट घट्ट बसलं होतं. मी नखाने काढून पाहिलं, ते निघालं नाही.

आत जाऊन डॉक्टरांना विचारावं असं क्षणभर मनात आलं. नाही विचारलं.

"अस्थींत घाला," मी म्हटलं. "हे तिचंच हाड आहे."

त्याने पुडी बांधायला घेतली, पण कागद पुन्हा पुन्हा उलगडत होता. मग ती मीच बांधून दिली.